तुमचा पिनकोड मूळ संख्या आहे का?

अंबरनाथकरांसाठी खुशखबर: तुमचा ४२१५०१ ही मूळ संख्या आहे. १ आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच पूर्ण भाग जात नाही. बदलापूरचा ४२१५०३ मात्र लगेच फुटतो. अंकांची बेरीज १५, म्हणजे ३ ने भाग जाणारच: ३ × १४०५०१.

मूळ आहे हे तपासायला चार लाख भागाकार लागत नाहीत. ४२१५०१ चं वर्गमूळ ६४९ च्या जरासं वर येतं. संख्या दोन भागांत फुटत असेल, तर त्यातला एक तरी ६४९ पर्यंतचा असणारच. दोन्ही त्याहून मोठे असते तर गुणाकार पुढे निघून गेला असता. ६४९ पर्यंत मूळ संख्या आहेत फक्त ११८. तेवढ्यांनी भागून बघितलं की झालं. फोन हे क्षणात करतो.

मग अवघड काय? आरएसए नावाच्या कुलूपपद्धतीत दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार वापरतात. २०४८ बिटच्या चावीत हा गुणाकार ६१७ अंकी असतो. गुणाकार करणं सोपं, पण तो फोडून मूळ दोन संख्या परत मिळवणं आजच्या कॉम्प्युटरच्या आवाक्यात नाही. (आणि हो, पिनकोड मूळ असला तरी तोच सहा अंकी यूपीआय पिन म्हणून ठेवू नका. तो अख्ख्या गावाला पाठ असतो.)

उल्हासनगरच्या ४२१००१ ते ४२१००५ मधली गंमत वेगळी आहे. ती कळायला द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) हवेत. ६१७४ मुळे नाव ऐकलं असेल. देवळालीला शाळेत शिकवायचे. त्यांच्या 'डेमलो' संख्यांचं नाव तर आपल्याच लाइनवरच्या डोंबिवली स्टेशनवरून आलं, असं सांगतात.

स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाते ती संख्या 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी. हे नाव कापरेकरांचंच. त्या पाचांत फक्त ४२१००२ हर्षद आहे: बेरीज ९, भागाकार ४६७७८. शेजारची ४२१००१ 'स्वयंभू'. म्हणजे काय? ४२१४८१ मध्ये तिच्या अंकांची बेरीज २० मिळवली की अंबरनाथचा ४२१५०१ तयार होतो. ४२१००१ अशी कुठल्याच संख्येपासून तयार होत नाही. पटत नसेल तर ४२०९४७ ते ४२१००० तपासा. सहा अंकांची बेरीज ५४ च्या वर जात नाही, म्हणून त्याच्या मागे जायची गरज नाही.

पण मूळ असणं आणि हर्षद असणं एकाच जातीचे गुण नाहीत. ४२१५०१ कशाही पद्धतीने लिहा, मूळच राहते. हर्षदपणा मात्र लिहिण्याच्या पद्धतीवर अवलंबून असतो. ४२१००२ हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे १६ च्या पायावर लिहिली, तर अंकांची बेरीज ४२ होते, भागल्यावर ३६ उरतात आणि हर्षदपणा जातो. बायनरीत लिहिली तर १ किती वेळा येतो? बरोबर ९ वेळा. म्हणजे उल्हासनगर-२ फोनच्या भाषेतही हर्षदच! निव्वळ योगायोग आहे, पण मला जाम आवडला.