तिसरी रेषा त्याच बिंदूतून का जाते?

एका प्रतलात दोन रेषा काढल्या आणि त्या समांतर नसल्या, तर कुठेतरी एकमेकींना छेदणारच. त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही. आता डोळे मिटून तिसरी रेषा ओढा. ती नेमकी पहिल्या दोघींच्या छेदनबिंदूतून जाईल? बिंदूला लांबी नाही, रुंदी नाही, जाडी नाही. तिथे नेम धरूनही सुई लागणं कठीण, मग डोळे मिटून कुठलं! तीन रेषा एकाच बिंदूत भेटल्या की त्यांना एकसंपाती म्हणतात, आणि कुणी जुळवून आणल्याशिवाय रेषा अशा वागत नाहीत. त्रिकोणात मात्र वागतात. शाळेच्या पुस्तकात हे चार वेळा येतं, आपण चारही वेळा पाठ करतो आणि एकदाही दचकत नाही.

महाराष्ट्राचा नकाशा घ्या आणि मुंबई, नागपूर, कोल्हापूर हे तीन बिंदू पट्टीने जोडा. झाला त्रिकोण. आता मुंबई-नागपूर या बाजूचा लंबदुभाजक काढा, म्हणजे बाजूच्या बरोबर मध्यातून जाणारी आणि तिच्याशी काटकोन करणारी रेषा. दोन्ही टोकांवरून सारख्याच त्रिज्येचे कंस मारायचे आणि ते जिथे छेदतात ते दोन बिंदू जोडायचे, बस्स. या रेषेवरचं कुठलंही गाव मुंबईपासून जितकं लांब, तितकंच नागपूरपासून. उलटही खरं: दोघांपासून सारखं लांब असलेलं प्रत्येक गाव याच रेषेवर सापडणार. मग नागपूर-कोल्हापूर बाजूचा लंबदुभाजक काढा. दोन्ही रेषा मराठवाड्यात, माजलगावच्या आसपास एकमेकींना छेदतात.

इथे पेन्सिल खाली ठेवा. तिसरी रेषा काढायचीच नाही, फक्त विचार करायचा. हा छेदनबिंदू पहिल्या रेषेवर आहे, म्हणून मुंबई आणि नागपूरपासून सारखा लांब. दुसऱ्या रेषेवर आहे, म्हणून नागपूर आणि कोल्हापूरपासूनही सारखा लांब. मग मुंबई आणि कोल्हापूरपासून त्याचं अंतर वेगवेगळं असेलच कसं? आणि ते सारखं असेल, तर मुंबई-कोल्हापूरच्या लंबदुभाजकाला त्याच्यातून जाण्यावाचून गत्यंतर नाही. योगायोगाला जागाच उरली नाही! कंपासचं टोक तिथे रोवून एक वर्तुळ फिरवलं की ते तिन्ही शहरांतून जातं. हे परिवर्तुळ, त्याची त्रिज्या सरळ रेषेत मोजली तर सुमारे ३६० किलोमीटर, आणि केंद्राचं नाव परिमध्य.

कोनदुभाजकांची गोष्ट अशीच. फक्त तिथे शिरोबिंदूंऐवजी बाजूंपासूनची अंतरं सारखी असतात. त्यांच्या भेटीचा बिंदू अंतर्मध्य, म्हणजे त्रिकोणात चपखल बसणाऱ्या अंतर्वर्तुळाचं केंद्र. शिरोबिंदू समोरच्या बाजूच्या मध्याला जोडला की मध्यगा मिळते. तिन्ही मध्यगा जिथे भेटतात तिथे पुठ्ठ्याचा त्रिकोण पेन्सिलीच्या टोकावर तोलता येतो, हे आर्किमिडीजला ठाऊक होतं. हा बिंदू, म्हणजे मध्यगासंपात, प्रत्येक मध्यगेचे २ : १ असे भाग करतो.

राहिले शिरोलंब, म्हणजे शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर टाकलेले लंब. ते शिरोलंबसंपात या एकाच बिंदूत का भेटावेत हे पटकन सुचत नाही, पण माझ्या मते शालेय भूमितीतली सर्वांत देखणी सिद्धता याचीच. प्रत्येक शिरोबिंदूतून समोरच्या बाजूला समांतर रेषा काढा. मूळ त्रिकोणाला कवेत घेणारा, दुप्पट बाजूंचा एक उलटा त्रिकोण तयार होतो. मूळ शिरोबिंदू हे या मोठ्या त्रिकोणाच्या बाजूंचे मध्यबिंदू. म्हणजे लहान त्रिकोणाचे शिरोलंब हेच मोठ्याचे लंबदुभाजक! आणि लंबदुभाजक भेटतात हे तर आपण नकाशावर नुकतंच पाहिलं.

इथपर्यंत सगळं साध्या कंपासपेटीतलं. यापुढची गोष्टही त्याच पेटीतली, पण ती दोन हजार वर्षं कुणाला दिसली नव्हती. इसवी सनापूर्वी ३००च्या सुमारास युक्लिडने त्रिकोणाची परिवर्तुळं आणि अंतर्वर्तुळं काढून दाखवली. पुढे कितीतरी पिढ्या तीच आकृती गिरवत राहिल्या. मग १७६७ साली छापून आलेल्या एका निबंधातून लिओनार्ड ऑयलरने जे उघड केलं ते असं: परिमध्य, मध्यगासंपात आणि शिरोलंबसंपात हे तिन्ही एकाच सरळ रेषेत असतात.

हे वहीत करूनच बघा. नकाशावरचा त्रिकोण इथे चालणार नाही, कारण नागपूरपासून मुंबई आणि कोल्हापूर जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत आणि समद्विभुज त्रिकोण फार सभ्य असतात; त्यांच्यात सगळेच बिंदू एका ओळीत उभे राहतात. ८, १०, १२ सेंमी बाजूंचा त्रिकोण काढा. तिन्ही बिंदू शोधा आणि पट्टी लावा. शिरोलंबसंपातापासून मध्यगासंपात सुमारे ३.१ सेंमीवर, तिथून परिमध्य त्याच्या निम्म्यावर, सुमारे दीड सेंमी. पुन्हा तेच २ : १! लंब, मध्य आणि समान अंतर या तीन वेगळ्या कल्पना, त्यांना एकमेकींशी काहीच देणंघेणं नव्हतं. समभुज त्रिकोणात तिन्ही बिंदू एकमेकांवर बसतात आणि रेषाच उरत नाही. बाकी कुठलाही त्रिकोण घ्या, ती आहेच.

चौथा मात्र हटवादी. अंतर्मध्य तुमच्या वहीतल्या रेषेपासून सुमारे ३ मिलिमीटर बाजूला पडेल. हात हलला असं समजून खोडू नका. समद्विभुज नसलेल्या त्रिकोणात तो बाहेरच असतो.

त्याचा संबंध वेगळ्या वाटेने जुळतो. बाजूंचे तीन मध्यबिंदू आणि शिरोलंब बाजूंवर जिथे टेकतात ते तीन बिंदू, असे सहा घ्या. एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून वर्तुळ नेहमीच जातं, चौथा त्यावर असेलच असं नाही. पण हे सहाही एकाच वर्तुळावर असतात. शिरोलंबसंपात आणि शिरोबिंदू यांच्या मधोमध असलेले आणखी तीनही त्यावरच, म्हणून त्याला नवबिंदू वर्तुळ म्हणतात. त्याचं केंद्र ऑयलरच्या रेषेवर, त्रिज्या परिवर्तुळाच्या निम्मी. तुमच्या त्रिकोणात सुमारे ३ सेंमी. जर्मनीतल्या एर्लांगेनमधल्या कार्ल फॉयरबाख या शाळामास्तराने १८२२ साली दाखवलं की त्रिकोण समभुज नसेल तर अंतर्वर्तुळ या वर्तुळाला आतून स्पर्श करतं, बरोबर एकाच बिंदूत. वहीत दोन्ही वर्तुळं काढा, पेन्सिलीला बारीक टोक करून. ती एकमेकांना छेदत नाहीत, सुटीही राहत नाहीत.

त्रिकोण तेवढ्यावर संपला असं वाटेल. अमेरिकन गणितज्ञ क्लार्क किम्बर्लिंग यांनी १९९८च्या पुस्तकात त्रिकोणाच्या अशा ४०० केंद्रांची यादी दिली. त्यांनीच सुरू केलेल्या इंटरनेटवरच्या कोशात आता पन्नास हजारांहून जास्त केंद्रं आहेत आणि भर पडतेच आहे. त्या यादीत मध्यगासंपात दुसरा, परिमध्य तिसरा, शिरोलंबसंपात चौथा. पहिला क्रमांक रेषेत न बसणाऱ्या अंतर्मध्याचा.