लोहाची कणगी आणि रोगजंतू

ज्वारी खळ्यावरून घरी आली की शहाणी गृहिणी ती उघडी ठेवत नाही. कणगीत भरून तोंड लिंपते, नाहीतर उंदरांचे फावते. आपले शरीरही लोहाच्या बाबतीत असेच वागते.

माणसाच्या अंगात सारे मिळून ३ ते ४ ग्रॅम लोह असते. त्यातले बहुतेक रक्ताच्या तांबड्या पेशींत असते. जास्तीचे लोह ‘फेरिटिन’ या प्रथिनात साठते. फेरिटिनचा एक कण म्हणजे २४ तुकड्यांची पोकळ कणगीच! तिच्यात लोहाचे ४५०० पर्यंत अणू मावतात. यकृतात व प्लीहेत या कणग्या भरपूर असतात.

रोगजंतूंनाही वाढायला लोह लागते. क्षयाचे जंतू तर लोह ओढून घेणारी रसायने सोडतात. म्हणून जंतुसंसर्ग होताच यकृत ‘हेप्सिडिन’ नावाचे संप्रेरक वाढवते. मग आतड्यातून रक्तात येणारे लोह कमी होते, साठ्यातलेही बाहेर पडत नाही. जंतूंची उपासमार होते.

हे कळले तर घरात काय करावे?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षांच्या ५४.२ टक्के स्त्रियांना आणि पाच वर्षांखालील ६८.९ टक्के बालकांना रक्तक्षय आढळला. तेव्हा जंतू वाढतील या भीतीने लोहाच्या गोळ्या टाकून देऊ नका. रक्तक्षयाने अंगाची ताकद खचते. मात्र ताप, जुलाब, न्यूमोनिया असेल तर शासनाच्या सूचनेप्रमाणे रक्तवाढीची नेहमीची गोळी वा औषध थांबवायचे असते. आजार उतरला की आरोग्यसेविकेला विचारून पुन्हा सुरू करावे. ते राहून जाते, तिथेच घात होतो.

तापात फेरिटिन वाढते. म्हणून त्या वेळचा तपासणी अहवाल चांगला दिसला तरी रक्तक्षय असू शकतो. क्षयासारख्या लांबलेल्या रोगात लोह कणगीतच अडकते. तिथे गोळीने भागत नाही, मूळ रोगाचा पूर्ण उपचार हवा.

पिंगळीकरांच्या जवळच, परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने २०१८ साली ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी दिली. नेहमीच्या ज्वारीत किलोमागे सुमारे ३० मिलिग्रॅम लोह, तर हिच्यात सुमारे ४५. भाकरीसोबत पालेभाजी, डाळ आणि वर लिंबू पिळा. चहा मात्र जेवणाबरोबर नको.

माता-भगिनींनो, कणगी भरलेली असू द्या. तिला कुलूप केव्हा लावायचे, हे शरीराला ठाऊक आहे.