ब्रेक, सायकलचे : तरफ व दाबयंत्रणा यांचा मेळ

सायकलच्या चाकाच्या रिमवर दोन बाजूंनी रबरी ठोकळे दाबून घर्षणाने गती कमी करणाऱ्या ब्रेकचे दोन भाग असतात : हँडलवर बोटांनी ओढावयाची तरफ (बोलभाषेत ‘लिव्हर’) आणि चाकाजवळची दाबयंत्रणा. दोहोंना सळी किंवा पोलादी तार जोडते. हे भाग स्वतंत्रपणे निर्दोष असले, तरी एकमेकांना अनुरूप नसतील, तर ब्रेक एकतर अपुरा पडतो किंवा अनपेक्षित जोराने लागतो. दोन्ही गोष्टी स्वाराच्या जिवाशी निगडित आहेत. सायकलचे सुटे भाग निरनिराळ्या उत्पादकांचे मिळतात व ते सहज अदलाबदल करता येतात, त्यामुळे हा दोष बहुधा कारखान्यात नव्हे, तर दुरुस्तीच्या वेळी निर्माण होतो.

ब्रिटिश रोडस्टर घाटाच्या, भारतात दीर्घकाळ प्रचारात असलेल्या काळ्या सायकलींत सळ्यांचे ब्रेक असतात. हँडलखालची लांब तरफ वर ओढली की, सळ्या व त्यांचे जोड यांच्यामार्फत रिकिबीच्या आकाराची कमान वर उचलली जाते आणि तिच्यावरील ठोकळे रिमच्या आतील, म्हणजे आऱ्यांकडच्या, अंगावर दाबले जातात. येथे तरफ, सळ्या व कमान हा सर्व संच एकत्रच येत असल्याने मेळाचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. मात्र अशा सायकलला तारेचा ब्रेक बसवू पाहणाऱ्यास वेगळीच अडचण येते. सळ्यांच्या ब्रेकची ‘वेस्टवुड’ रिम गोलसर कडांची असते, तर तारेच्या ब्रेकचे ठोकळे रिमच्या बाजूच्या सपाट भिंतींवर दाबतात. म्हणून ब्रेकबरोबर रिमही बदलावी लागते.

तारेच्या ब्रेकमध्ये मूळ तत्त्व तरफेचे आहे. बोटांच्या प्रेरणेची वाढ दोन टप्प्यांत होते : पहिली हँडलवरील तरफेत, दुसरी दाबयंत्रणेच्या भुजांत. दोन्ही टप्प्यांच्या यांत्रिक लाभांचा गुणाकार हा संपूर्ण ब्रेकचा यांत्रिक लाभ होय. परंतु जितक्या पटीने प्रेरणा वाढते तितक्या पटीने हालचाल घटते, आणि बोटांची हालचाल तर मर्यादितच असते. तरफ हँडलला टेकली की ती संपते. म्हणून ठोकळे रिमपर्यंत पोहोचतील इतकी हालचाल राखून उरलेल्या मर्यादेत प्रेरणा वाढवावी लागते.

दाबयंत्रणेचे मुख्य प्रकार दोन गटांत पडतात. चाकावर कमानीसारखे बसणारे बाजूने ओढ घेणारे चिमटे, मधून ओढ घेणारे चिमटे आणि चिमटा-नळ्यांवरील खुंट्यांभोवती फिरणाऱ्या भुजांचे जुने कँटिलिव्हर ब्रेक यांना तार थोडीच ओढावी लागते. याउलट १९९० नंतरच्या दशकात शिमानो या जपानी कंपनीने ‘व्ही-ब्रेक’ या नावाने प्रचारात आणलेल्या, लांब उभ्या भुजांच्या ब्रेकला तार बरीच अधिक ओढावी लागते. त्यानुसार तरफाही अल्पकर्षी (थोडी तार ओढणाऱ्या) व दीर्घकर्षी (अधिक तार ओढणाऱ्या) अशा दोन जातींच्या असतात. फरक केवळ एका अंतराचा आहे : तरफेच्या कीलकापासून तारेची गाठ अडकविण्याच्या खाचेपर्यंतचे अंतर अल्पकर्षीत कमी, तर दीर्घकर्षीत जास्त असते.

उदाहरणादाखल, समजा बोटांचा जोर कीलकापासून ८० मिमी. अंतरावर पडतो व तेथे तरफ ४० मिमी. सरकू शकते. तारेचे अंतर २० मिमी. असल्यास यांत्रिक लाभ ४ व तारेची ओढ १० मिमी. होते, अंतर ३२ मिमी. असल्यास लाभ २·५ व ओढ १६ मिमी. होते. आता बाजूने ओढ घेणाऱ्या साध्या चिमट्याच्या दोन्हीकडील भुजा जवळजवळ सारख्या मानल्या, तर त्याचा लाभ १ असतो आणि प्रत्येक ठोकळा १·५ मिमी. सरकण्यास ३ मिमी. तार पुरते. व्ही-ब्रेकमध्ये ठोकळा कीलकापासून २५ मिमी.वर व तार १०० मिमी.वर धरल्यास लाभ ४ होतो, पण तितक्याच सरकण्यासाठी १२ मिमी. तार लागते. बोटांनी ५ किग्रॅ. वजनाइतका जोर लावल्यास, घर्षण वगळता, योग्य जोड्यांमध्ये प्रत्येक ठोकळ्यावर चिमट्यात २० किग्रॅ. व व्ही-ब्रेकमध्ये ५० किग्रॅ. इतका दाब येतो.

अदलाबदल केल्यास काय होते, ते याच आकड्यांवरून दिसते. दीर्घकर्षी तरफेला साधा चिमटा जोडल्यास दाब १२·५ किग्रॅ.वर उतरतो. तरफ मात्र थोड्याच हालचालीत घट्ट लागते. दुकानात उभ्या सायकलवर असा ब्रेक दाबून पाहणाऱ्यास तो उत्तम वाटतो आणि येथेच ग्राहक फसतो. हा कडकपणा यांत्रिक लाभ कमी असल्याची खूण असते, जोराची नव्हे. उतारावर पूर्ण ताकद लावूनही सायकल वेळेत थांबत नाही. अल्पकर्षी तरफेला व्ही-ब्रेक जोडल्यास उलट घडते. दाब ८० किग्रॅ.पर्यंत चढू शकतो, पण १२ मिमी. तार लागत असता तरफ १० मिमी.च देऊ शकते. म्हणून ठोकळे रिमला जवळजवळ चिकटवून बसवावे लागतात. रिम जराशी वाकडी झाली की ते घासतात आणि ठोकळे थोडे झिजले की तरफ हँडलला टेकते व ब्रेक लागतच नाही. तत्पूर्वी तो पोचट वाटतो, पण लागला की पुढचे चाक एकाएकी जखडून स्वार हँडलवरून पुढे फेकला जाऊ शकतो.

कँटिलिव्हरमध्ये दोन भुजांना जोडणाऱ्या आडव्या तारेचा कोन बदलून यांत्रिक लाभ बराच कमीअधिक करता येतो; ही तार जितकी आडवी, तितका लाभ अधिक. अन्य प्रकारांत अशी सोय नसल्याने विजोड भाग वापरावयाचेच झाल्यास तारेच्या मार्गात दोन व्यासांची कप्पी बसवून ओढ वाढवितात. दुसरा मार्ग म्हणजे नेहमीच्या १०० मिमी.हून अधिक लांबीच्या भुजांऐवजी सु. ८० ते ९० मिमी. भुजांचे आखूड व्ही-ब्रेक वापरणे. काही तरफांत तारेची खाच सरकवून दोन्ही प्रकारांशी मेळ घालता येतो. चिमट्यांच्या गटातही पुढे फरक पडत गेले असल्याने एकाच उत्पादकाचे, पण वेगवेगळ्या पिढ्यांचे भाग एकमेकांशी जुळतीलच असे नाही.

तारेची गाठ खाचेत बसली म्हणजे मेळ बसला, हा समज चुकीचा आहे. शर्यतीच्या सायकलच्या वाकड्या हँडलवरील तरफांना पेरूच्या आकाराची व सरळ हँडलवरील तरफांना पिंपाच्या आकाराची गाठ लागते. परंतु सरळ हँडलच्या अल्पकर्षी व दीर्घकर्षी या दोन्ही तरफांत पिंपाची गाठ सारखीच बसते. कीलकापासून खाचेपर्यंतचे अंतर पट्टीने मोजणे हीच खात्रीची कसोटी होय.

मेळ अचूक असूनही पावसात पोलादी, मुलामा दिलेल्या रिमवर रबराची पकड फार घटते. ॲल्युमिनियमाच्या रिमवर ती बरीच टिकते. तारेचे वेष्टण गंजल्यास बोटांचा पुष्कळसा जोर तेथेच खर्ची पडतो. म्हणून तरफ बदलण्याआधी तार व वेष्टण तपासणे इष्ट असते. तबकडीवर दाबणाऱ्या, तारेने चालणाऱ्या ब्रेकनाही हाच नियम लागू असून तेही अल्पकर्षी व दीर्घकर्षी अशा दोन प्रकारांत मिळतात.