तांब्याची रिंग आणि ‘फट्’

वाघोलीत नगर रोडच्या कोंडीत, खडीच्या डंपरांच्या हॉर्नमधूनही एक आवाज वेगळा ऐकू येतो. जुनी जावा! डब-डब-डब... चालवणारा ॲक्सिलरेटर सोडतो आणि मध्येच ‘फट्!’ लोक दचकतात. जाणकार मात्र वाकून इंजिनाकडे बघतो. सिलेंडरमधून सायलेन्सरचा पाइप निघतो त्या सांध्यावर तेलकट काळा ओघळ दिसतोय? मग तिथंच गळतंय.

पण गळतीचा आवाज फुस्स हवा, फट् का? कारण त्या फटीतून धूर बाहेर येतो, तशी हवा आतही शिरते! पिस्टननं धुराची वाट उघडली की पाइपातून दाबाची लाट सुटते. तापलेल्या धुरात तिचा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास. पाइप जिथं रुंदावतो तिथून तिचा काही भाग उलटा फिरतो, आणि परतताना ढकलत नाही, ओढतो. मीटरभर जाऊन परत यायला ४ मिलिसेकंद. तेवढ्यात तुमची पापणीही लवत नाही. त्या ओढीच्या क्षणी फट ताजी हवा पिते, पाइपातल्या अर्धवट जळलेल्या पेट्रोलशी तिची गाठ पडते, आणि फट्!

म्हैसूरला बनलेल्या जुन्या २५० सीसी जावाची तर आणखी मजा. सिलेंडर एक, सायलेन्सर दोन. म्हणजे गळायच्या जागाही दोन.

सांधा सुटतो कसा? मीटरभर पोलादी पाइप ३०० अंशांनी तापला, तर साडेतीन मिलिमीटर लांबतो आणि गार झाला की आखडतो. रोज हीच ओढाताण, वर इंजिनाची थरथर. नट ढिला पडतो. मधली तांब्याची पॅकिंग रिंग चेपून चेपून कडक होते, आणि कडक तांबं खाचाखोचांत शिरत नाही.

टाकून द्यायची? थांबा. अंधाऱ्या कोपऱ्यात ती मंद लाल दिसेपर्यंत तापवा आणि थेट पाण्यात बुडवा. पोलादाचं पातं असं बुडवलं तर कडक होतं. तांबं? मऊ! चेपताना अणूंच्या रांगांत गुंते पडलेले असतात. उष्णतेनं धातूत नव्या, सरळ रांगांचे कण तयार होतात. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी पेशवाईपासून याच गुणावर जगते. हातोड्यानं ठोकून कडक झालेलं भांडं भट्टीत मऊ करायचं, पुन्हा ठोकायचं, आणि शेवटी मठारकामाच्या ठिपक्यांनी मुद्दाम कडक करून सोडायचं. घरातला बंब आणि बाइकची रिंग, शास्त्र एकच!

एक मात्र ऐका. जुन्या रिंगच्या पोटात ॲस्बेस्टॉस असू शकतं. तशी शंका आली तर ती तापवू नका, खरवडूही नका. निखळ तांब्याची नवी रिंग पाच-पन्नास रुपयांसाठी टाळणं हा शहाणपणा नव्हे.

बाकी काम साधं. सांध्याची काजळी काढा, रिंग बसवा, नट आधी हातानं फिरवा. आटे वाकडे बसले तर सिलेंडरच गेलं! मग पान्यानं आवळा. इंजिन तापवून गार करा, पुन्हा एकदा आवळा.

आता परीक्षा. पिस्टन वर घ्या, म्हणजे धुराची वाट बंद. सायलेन्सरच्या तोंडातून ब्लोअरनं हवा सोडा आणि सांध्यावर साबणाचं पाणी लावा. डावीकडे एकही बुडबुडा नाही. उजवीकडे बघा... एक, टपोरा.