पाळीव पोपटाची साद : स्वरूप, कारणे आणि संगोपन

पिंजऱ्यातील पोपट माणसाचे लक्ष वेधण्यासाठी वारंवार किंचाळू लागला, की घरातील माणसे त्याला हट्टी किंवा खोडकर ठरवतात. प्राणिवर्तनशास्त्र या किंकाळीकडे वेगळ्या दृष्टीने पाहते. थव्यात राहणारा पक्षी सोबती दृष्टीआड होताच त्यांना साद घालतो आणि उत्तर मिळेपर्यंत ती चालू ठेवतो. माणसाच्या घरात वाढलेल्या पोपटाला घरातील माणसे हाच थवा वाटतो. नवी मुंबईसारख्या उंच इमारतींच्या शहरात बजरीगर, कॉकाटील, लव्हबर्ड आणि कॉन्युअर यांचे पालन रूढ झाल्यापासून ही साद भिंतीपलीकडील शेजाऱ्यांनाही ऐकू येते. तिचे मूळ, प्रकार आणि तिला वळण लावण्याचे उपाय यांचा येथे क्रमाने विचार केला आहे.

वर्गीकरण

शुकगणात, म्हणजे सिटॅसिफॉर्मीस गणात, सुमारे ४०० जातींचा समावेश होतो. बाकदार चोच, जाड मांसल जीभ आणि दोन बोटे पुढे व दोन मागे असलेले पाय ही या गणाची ठळक लक्षणे होत. गणाची तीन अधिकुले मानतात : न्यूझीलंडमधील काकापो, किआ इत्यादींचे पहिले, तुरेवाल्या काकाकुव्यांचे दुसरे आणि उरलेल्या सर्व पोपटांचे तिसरे. कॉकाटील हा काकाकुवा कुलातील सर्वांत लहान पक्षी. तो मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला असून पाणी आणि गवताचे बी यांच्या मागे थव्याने भटकतो. बजरीगरही त्याच खंडातला. पक्षितज्ज्ञ जॉन गुल्ड यांनी १८४० मध्ये तो जिवंत इंग्लंडला नेला आणि तेथून त्याचे पालन जगभर पसरले. आपल्या बाजारात पुष्कळदा यालाच लव्हबर्ड म्हणून विकतात. खऱ्या लव्हबर्डच्या नऊ जाती मात्र आफ्रिका आणि मादागास्कर येथील आहेत. पिवळाधमक सन कॉन्युअर दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातून आला आहे.

प्रत्येक जातीचा आवाज निराळा असतो. बजरीगर दिवसभर किलबिलतो, पण त्याचा स्वर सौम्य असतो. कॉकाटीलची शीळ एकसुरी आणि भेदक असते. सन कॉन्युअर आकाराने लहान असूनही अतिशय कर्कश ओरडतो, तर हिरव्या गालांचा कॉन्युअर त्या मानाने शांत असतो. मोठ्या काकाकुव्यांची किंकाळी शंभर डेसिबलच्या पुढे जाते. जातीचा हा स्वभाव कोणत्याही शिकवणीने पालटत नाही, म्हणून सदनिकेत राहणाऱ्याने पक्षी घरी आणण्यापूर्वीच त्याच्या आवाजाची माहिती करून घेणे इष्ट ठरते.

ध्वनीचे इंद्रिय आणि सादेचे मूळ

सस्तन प्राण्यांचा आवाज कंठातील स्वरयंत्रात निर्माण होतो. पक्ष्यांचे ध्वनी-इंद्रिय त्याहून खोल असते. श्वासनलिका दोन शाखांत विभागते त्या ठिकाणी ते असून त्याला शब्दिनी म्हणतात. बाहेर जाणाऱ्या हवेने शब्दिनीतील पातळ पडदे कंप पावतात आणि भोवतालचे स्नायू त्या कंपनाला आकार देतात. पोपट आपल्या जाड जिभेनेही ध्वनी घडवतो. त्यामुळेच माणसाच्या शब्दांची नक्कल त्याला साधते. ऐकून नवे ध्वनी शिकण्याची क्षमता पक्ष्यांमध्ये पोपट, गुंजन पक्षी आणि गाणारे पक्षी या तीनच समूहांत प्रकर्षाने आढळते.

जंगलात या क्षमतेचा पहिला उपयोग संपर्कासाठी होतो. पनवेलजवळच्या कर्नाळा पक्षी अभयारण्यासारख्या दाट झाडीत हिरवा पक्षी हिरव्या पानांत दिसेनासा होतो, तेव्हा थव्याला बांधून ठेवणारा दुवा म्हणून आवाजच उरतो. या संपर्क-सादेविषयी एक विलक्षण निष्कर्ष कार्ल बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला. व्हेनेझुएलातील हिरव्या पाठीच्या चिमुकल्या पोपटांवर त्यांनी हे संशोधन केले. या पक्ष्यांत प्रत्येक पिलाची साद वेगळी असते आणि घरट्यात असतानाच पिले ती आईबापांकडून शिकतात, असे त्यांना आढळले. रक्ताचे नाते नसलेल्या जोडीने वाढवलेली पिलेही पाळणाऱ्या जोडीच्या सादेशी जुळणारी साद घालत होती. ही साद जवळजवळ नावाचेच काम करते. घरातला पोपट आपल्याला उद्देशून ओरडतो असे पाळणाऱ्याला वाटते, त्याला असा जैविक आधार आहे.

सादेचे प्रकार

घरातील पोपटाच्या ओरडण्याचे पाच प्रकार करता येतात. पहिला प्रकार प्रातः-सायं कलरवाचा. सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या सुमारास पोपट थव्याने ओरडतात. नवी मुंबईत या दोन्ही वेळी रानातील कीरांचे थवे कलकलाट करीत इमारतींवरून जातात आणि गॅलरीतील पिंजऱ्यातून त्यांना प्रतिसाद मिळतो. हा कलरव निरोगीपणाचे लक्षण असून तो थोड्या वेळात आपोआप शमतो. दुसरा प्रकार संपर्क-सादेचा, म्हणजे माणूस खोलीबाहेर गेल्यावर येणाऱ्या हाकेचा. तिसरा भयसूचक. घार, मांजर किंवा अनोळखी वस्तू दिसताच तो एकदम सुरू होतो. चौथा भुकेची याचना, जी हाताने भरवून वाढवलेल्या पिलांत मोठेपणीही काही काळ टिकते. पाचवा प्रकार मागणीच्या किंकाळीचा. तो पक्षी घरात शिकतो आणि बहुतेक तक्रारी याच प्रकाराच्या असतात.

हे प्रकार ओळखण्यासाठी पक्ष्याचे शरीर पाहावे. घरातील माणूस खुर्चीवरून उठताच कॉकाटीलचा तुरा ताठ होतो, मान लांब होते, तो दांडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालतो आणि मग एकाच स्वराची शीळ घालू लागतो. ही संपर्काची साद होय. तोच तुरा डोक्याला चपटा चिकटला आणि पक्षी फुत्कारू लागला, तर ते भय किंवा राग समजावा. आवाज एकाएकी बदलला, बसला किंवा पक्षी पिसे फुगवून निश्चल बसू लागला, तर सवयीचा विचार बाजूला ठेवून पशुवैद्याला दाखवावे, कारण पक्षी आजार दीर्घकाळ लपवतात.

सवय कशी जडते

संपर्काच्या सादेचे मागणीच्या किंकाळीत रूपांतर कसे होते, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी विशद केलेल्या साधक अभिसंधानाच्या तत्त्वाने समजते. ज्या वर्तनानंतर हवी ती गोष्ट मिळते ते वर्तन वाढते, आणि या वाढीला प्रबलन म्हणतात. पोपट मंद शीळ घालतो तेव्हा घरातली माणसे कामात असतात. तो मोठ्याने ओरडतो तेव्हा कोणीतरी धावत येते, गप्प बस म्हणून दटावते किंवा तोंड बंद व्हावे म्हणून मिरची देते. माणसाच्या मते ही शिक्षा किंवा तडजोड असली, तरी पक्ष्याच्या हिशेबी थवा परत आलेला असतो. उत्तर कधी मिळाले आणि कधी न मिळाले, तर सवय आणखी चिवट होते. हे आंशिक प्रबलन होय. दहा वेळा दुर्लक्ष करून अकराव्या वेळी पिंजऱ्याजवळ जाणारा माणूस पक्ष्याला अकरा वेळा ओरडायला शिकवतो.

नवी मुंबईतील परिस्थिती

नवी मुंबई उभारण्यासाठी सिडको या शासकीय महामंडळाची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या सुमारे ३४४ चौरस किलोमीटर परिसरात हे नियोजित शहर उभे राहिले. वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर आदी उपनगरांत आज बहुमजली गृहसंकुले आहेत. अनेक घरांतील कर्ती माणसे सकाळच्या लोकलने कामावर जातात आणि अंधार पडल्यावर परततात. एकटा ठेवलेला पोपट दिवसभर उत्तराविना असतो. सायंकाळी लिफ्टचे दार आणि कुलुपातील किल्लीचा आवाज ऐकताच त्याची किंकाळी सुरू होते. भिंतींना भिंती लागून असल्यामुळे ती शेजारच्या घरातही पोचते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० यांनी निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा ठरवली आहे. सन कॉन्युअरसारख्या पक्ष्याचा स्वर या मर्यादेच्या कितीतरी वर जातो, हे लक्षात घेऊन शेजाऱ्याच्या तक्रारीला सौजन्याने सामोरे जाणे उचित ठरते.

उपचार

आठवडाभर एक साधी नोंद ठेवावी : पक्षी केव्हा ओरडला, त्यापूर्वी काय घडले आणि त्यानंतर माणसांनी काय केले. या नोंदीवरून ओरडण्याचा प्रकार व हेतू कळतो. त्यानंतर पक्ष्याला एक पर्यायी साद द्यावी. ती घरातल्यांना मान्य असलेली शीळ, जिभेचा टक् असा आवाज किंवा त्याचा एखादा शब्द असू शकते. खोलीबाहेर जाताना माणसाने आधी तीच शीळ घालावी आणि पक्ष्याने ती उचलली की दुसऱ्या खोलीतून दर वेळी तत्काळ उत्तर द्यावे. किंकाळी चालू असताना पाहणे, बोलणे, जवळ जाणे हे तिन्ही टाळावे. काही क्षणांची शांतता मिळताच मात्र जवळ जाऊन कौतुक करावे. सुरुवातीला काही दिवस ओरडणे पूर्वीपेक्षा वाढते. या अवस्थेला विलोपन-उद्रेक म्हणतात. पूर्वी फळ देणारी युक्ती पक्षी अधिक जोराने वापरून पाहत असतो. या काळात घरातील सर्वांनी एकच नियम पाळला, तर नवी साद रुजते. आजी-आजोबा आणि मुले यांनाही हा नियम समजावून सांगणे अगत्याचे असते.

दुसरा उपाय परिसर-समृद्धीचा. रानातील पोपट दिवसाचा मोठा भाग अन्न शोधण्यात घालवतो, तर पिंजऱ्यातील वाटी त्याचे काम काही मिनिटांत संपवते. म्हणून अन्न शोधायला लावावे. कोऱ्या कागदाच्या पट्टीत राळ्याचे मोजके दाणे ठेवून ती पुडीसारखी पिळावी आणि पिंजऱ्याच्या जाळीत अडकवावी. पक्षी चोचीने पट्टी ओढतो, एका पायात धरतो, टोक फाडतो आणि एकेक दाणा सोलून खातो. वाशीच्या बाजार समितीतील धान्य बाजारात मिळणारे राळे आणि बाजरी, नारळाची शेंडी, शेवग्याची डहाळी, कोथिंबिरीची जुडी एवढ्या साहित्यात रोजचे उद्योग तयार होतात. सोबतीचेही महत्त्व सिद्ध झाले आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत मीहान, गार्नर आणि मेंच यांनी अमेझॉन पोपटांवर संशोधन केले. एकट्या पक्ष्यांपेक्षा जोडीने ठेवलेले पक्षी कमी किंचाळतात, असे त्यांना २००३ मध्ये दिसून आले.

झोपेचाही सादेशी निकट संबंध आहे. पोपटाला दहा ते बारा तासांचा अंधार आणि शांतता लागते. रात्री उशिरापर्यंत दूरचित्रवाणीसमोर ठेवलेला पक्षी चिडचिडा होतो. रात्री पिंजऱ्यावर पातळ सुती कापड घालणे योग्य असले, तरी दिवसा शिक्षा म्हणून पिंजरा झाकणे, पाण्याचा फवारा मारणे किंवा पिंजऱ्यावर थापा मारणे यांनी फक्त भय वाढते. ओरडतो म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात हलवणे तर घातकच, कारण प्रमाणाबाहेर तापलेल्या नॉनस्टिक भांड्यांच्या धुराने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो.

परंपरा आणि कायदा

भारतात पोपटाला बोलायला शिकवणे ही प्राचीन विद्या आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रातील ६४ कलांत शुक-सारिकांना बोलते करण्याच्या कलेची गणना होते. शूद्रकाच्या मृच्छकटिकात वसंतसेनेच्या प्रासादातील बोलक्या पक्ष्यांचे वर्णन आहे, तर शुकसप्ततीत पोपटच कथाकार आहे. महाराष्ट्रातील वाड्यांत आणि ओसऱ्यांवर राघूचा पिंजरा पिढ्यान्‌पिढ्या टांगलेला असे.

आज मात्र कीर, करण पोपट आणि अन्य देशी जाती घरी पाळणे हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने त्यांना संरक्षण दिले आहे. घरट्यातून पडलेले पिलू सापडल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. परदेशी जातींपैकी सन कॉन्युअर, आफ्रिकन ग्रे यांसारख्या, साइट्स या वन्यजीव-व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतील पक्ष्यांची नोंदणी २८ फेब्रुवारी २०२४ रोजी अधिसूचित झालेल्या नियमांनुसार परिवेश २.० या संकेतस्थळावर करावी लागते. बजरीगर, कॉकाटील आणि गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड त्या परिशिष्टांत नाहीत. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम सर्वच पक्ष्यांना लागू आहे. हालचाल करता येणार नाही अशा तोकड्या पिंजऱ्यात पक्षी कोंडणे त्याखाली दंडनीय ठरते.

सादेचे मोल

पोपटाच्या स्वरशिक्षणाने विज्ञानाचेही ज्ञान वाढवले आहे. पोपटांच्या बुद्धीच्या अभ्यासक आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ मध्ये विकत घेतलेला ॲलेक्स हा आफ्रिकन ग्रे २००७ मध्ये मरण पावला. त्या तीस वर्षांत तो वस्तूंचे रंग, आकार आणि लहान संख्या शब्दांनी सांगू लागला होता. ज्या स्वरसामर्थ्याने हे घडले, त्याच सामर्थ्याने घरातला पोपट आपली साद बदलू शकतो. कॉकाटील नीट सांभाळल्यास १५ ते २० वर्षे जगतो आणि मोठ्या जाती त्याहून कितीतरी अधिक. शाळकरी मुलाच्या हौसेखातर आणलेला पक्षी मूल शिक्षणासाठी परगावी गेल्यावरही घरातच असतो आणि रोज साद घालत राहतो. म्हणून पिंजरा, दाणे आणि खेळणी यांची तजवीज करण्यापूर्वी, येत्या वीस वर्षांत या सादेला उत्तर कोण देणार, हे प्रत्येक कुटुंबाने एकत्र बसून ठरवावे. त्याचे उत्तर सापडत नसेल, तर पोपट न आणणे हीच त्याच्यावरील खरी माया होय.