न मोजलेल्या मृत्यूंचा हिशेब

भारताच्या महानिबंधक कार्यालयाने २०२१ या वर्षाच्या जन्ममृत्यू नोंदणीचा अहवाल मे २०२५ मध्ये, म्हणजे तब्बल चार वर्षांनी, प्रसिद्ध केला. २०१९ साली देशात सुमारे ७६ लाख ४० हजार मृत्यू नोंदले गेले होते. २०२० साली हा आकडा ८१ लाखांच्या थोडा पुढे गेला आणि २०२१ साली तो १ कोटी २ लाखांवर पोहोचला. एका वर्षात नोंदलेल्या मृत्यूंत सुमारे २१ लाखांची भर पडली. उलट, कोविडने देशात घेतलेल्या बळींची सरकारी संख्या २०२१ अखेरपर्यंत, दोन्ही वर्षे मिळून, ४ लाख ८१ हजारांच्या आसपास होती. या दोन आकड्यांतील अंतर इतके मोठे आहे की त्याचा विचार केवळ संख्याशास्त्रज्ञांवर सोपवून स्वस्थ बसणे सुजाण नागरिकास शोभणार नाही.

मृत्यूचे कारण ठरविणे हे सामान्य माणसास वाटते तितके सोपे काम नाही. २०२० साली आपल्या देशात नोंदल्या गेलेल्या शंभर मृत्यूंपैकी जेमतेम बावीस-तेवीस मृत्यूंच्याच कारणाला वैद्यकीय प्रमाणपत्राचा आधार होता. उरलेली माणसे कशाने गेली याचे उत्तर कोणत्याही दप्तरात विश्वसनीय स्वरूपात सापडत नाही. अशा स्थितीत कारणवार मोजणी करून एखाद्या संकटाचे बळी ठरवू लागलो, तर ज्यांच्या मृत्यूस कागद मिळाला तेवढेच बळी मोजले जातील. कागद न मिळालेला माणूस मात्र हिशेबाबाहेर राहील.

यावर संख्याशास्त्राने एक जुना आणि साधा मार्ग शोधून ठेवला आहे. कारण काय हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवावयाचा आणि एकूण किती माणसे मेली एवढेच विचारावयाचे. त्यातून, संकट आले नसते तर जितकी मेली असती तितकी वजा करावयाची. बाकी राहते ती ‘अधिक मृत्यूं’ची संख्या. विल्यम फार या इंग्लंडच्या नोंदणी कार्यालयातील संख्याशास्त्रज्ञाने १८४७ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत लंडन शहरासाठी हाच हिशेब मांडला होता. साथीच्या नावावर नोंदलेल्या मृत्यूंहून खरी हानी कितीतरी पटींनी मोठी असल्याचे त्यातून दिसले.

हिशेबाची रीत

कल्पना करा की एखाद्या तालुक्याची लोकसंख्या ४ लाख आहे आणि तेथील नेहमीचा मृत्युदर दरहजारी ७ आहे. म्हणजे वर्षाला २,८०० मृत्यू अपेक्षित. एखाद्या वर्षी प्रत्यक्षात ३,३०० मृत्यू झाले, तर अधिक मृत्यू ५०० झाले. हा केवळ योगायोग असू शकेल काय? अपेक्षित संख्येचे वर्गमूळ काढले की साधारण कल्पना येते. २,८०० चे वर्गमूळ सुमारे ५३. याच्या दुपटीइतका, म्हणजे शंभर-सव्वाशेचा, चढउतार दैवाधीन म्हणून सोडून देता येईल. पाचशेचा नाही. त्या तालुक्यात काहीतरी घडले आहे एवढे निश्चित सांगता येते, मग ते काय होते हे ठाऊक असो वा नसो. अज्ञात कारणाची चाहूल देण्याचे हे सामर्थ्य हाच या पद्धतीचा विशेष होय.

लंडनमध्ये १९५२ सालच्या ५ ते ९ डिसेंबर या पाच दिवसांत कोळशाच्या धुराने भरलेले दाट धुके शहरावर बसून राहिले. त्या वेळी साथ नव्हती, युद्ध नव्हते. कोणाच्याही दाखल्यावर ‘धुक्याने मृत्यू’ असे लिहिले गेले नाही. लिहिले गेले ते श्वासनलिकादाह, न्यूमोनिया, हृदयविकार. परंतु बृहद्लंडनच्या नोंदवह्या एकत्र केल्या तेव्हा एका आठवड्यात सुमारे ४,७०० मृत्यू झाल्याचे दिसून आले. आदल्या वर्षी त्याच आठवड्यात ते १,८५० च्या आसपास होते. त्या धुक्याचे बळी प्रथम ४,००० धरले गेले. पुढील दोन महिन्यांतही मृत्यू चढेच राहिले, पण त्यांचा बोजा सरकारने इन्फ्लुएंझावर टाकला. २००१ साली या आकड्यांची फेरतपासणी झाली. इन्फ्लुएंझाने त्यांतील थोड्याच मृत्यूंचा उलगडा होतो आणि खरी हानी १२,००० पर्यंत जाते, असा तिचा निष्कर्ष होता. अधिक मृत्यूंचा तो पहिला आकडा पुढे आला नसता, तर १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा इतक्या लवकर होता ना.

‘ताप’ नावाचा रकाना

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. ब्रिटिश अमदानीत गावपातळीवरील मृत्युनोंदीत कारणांचे मोजके रकाने असत. पटकी, देवी, प्लेग, अतिसार आणि सर्वांत मोठा रकाना ‘ताप’. उपासमार हे कारण त्या चौकटीत बसतच नसे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात भुकेने खंगलेला माणूस हिवतापाने वा पटकीने गेला, म्हणजे त्याची नोंद ताप वा पटकी अशीच होई. दुष्काळ चौकशी आयोगाने १९४५ साली बळींची संख्या १५ लाख ठरविली. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात नोंदणीतील उणिवा आणि दुष्काळानंतरच्या वर्षांतही चढा राहिलेला मृत्युदर लक्षात घेऊन हीच संख्या ३० लाखांच्या घरात नेली. दुष्काळ ओसरल्यावर दोन-तीन वर्षांनी साथीत मेलेला शेतमजूर दुष्काळाचाच बळी होता, हे सत्य दाखल्यावर उमटत नाही. ते केवळ या वजाबाकीतच उमटते.

मुंबईचा अनुभवही असाच आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. आकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. रुग्णास सक्तीने हलविले जाईल, घराची झडती होईल, या धास्तीने लोक प्लेगचे मृत्यू दुसऱ्या रोगांच्या नावावर दाखवू लागले. तेव्हा शहराच्या नेहमीच्या मृत्युसंख्येवरील वाढ हाच रोगाच्या प्रसाराचा अधिक विश्वसनीय पुरावा ठरला. तथापि येथेच या पद्धतीची एक अडचणही दिसून येते. लाखो लोक शहर सोडून गेले होते. ज्या लोकसंख्येवर अपेक्षित मृत्यू काढावयाचे ती लोकसंख्याच जागेवर राहिली नाही, तर वजाबाकी चुकणारच.

आक्षेप आणि सावधगिरी

या पद्धतीवर घेतले जाणारे आक्षेप निराधार नाहीत, आणि ते नीट समजून घेतले पाहिजेत. पहिला आक्षेप असा की आपल्याकडे नोंदणीच सुधारत आहे, म्हणून आकडा वाढतो. हे खरे आहे. २०१८ साली ६९ लाख ५० हजार मृत्यू नोंदले गेले, २०१९ साली ७६ लाख ४० हजार. त्या वर्षी कोणतीही साथ नसताना सुमारे ७ लाखांची वाढ झाली. तेव्हा २०२० मधील पावणेपाच लाखांच्या वाढीवरून घाईने निष्कर्ष काढणे योग्य ठरणार नाही. परंतु २०२१ ची वाढ त्याहून चौपटीच्या वर आहे. साथीच्या आणि टाळेबंदीच्या धामधुमीत नोंदणी एकाएकी इतकी कार्यक्षम झाली असे मानावयास सबळ पुरावा हवा.

दुसरा आक्षेप असा की अधिक मृत्यू ही निव्वळ बाकी असते. टाळेबंदीत रस्ते ओस पडले, अपघात कमी झाले, म्हणजे काही जीव वाचले. उलट रुग्णालयाची खाट न मिळाल्याने हृदयविकाराचे, प्रसूतीचे रुग्ण दगावले. ही वजाबेरीज त्या एकाच आकड्यात दडलेली असते. म्हणून ‘अधिक मृत्यू’ आणि ‘कोविडचे मृत्यू’ हे शब्द समानार्थी समजू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये भारतातील दोन वर्षांच्या अधिक मृत्यूंचा अंदाज सुमारे ४७ लाख असा दिला. तिच्या गणिती प्रतिमानास भारत सरकारने हरकत घेतली. अंदाजावर वाद होणे शास्त्राच्या दृष्टीने इष्टच आहे. परंतु अंदाजाला उत्तर द्यावयाचे ते वेळेवर प्रसिद्ध केलेल्या पक्क्या आकड्यांनी. केवळ नकाराने ते दिले जात नाही.

प्वेर्तो रिको या बेटाचे उदाहरण येथे बोधप्रद ठरेल. सप्टेंबर २०१७ मधील चक्रीवादळाचे बळी तेथील सरकारने प्रथम ६४ सांगितले. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाकडे अभ्यास सोपविला गेला. बेट सोडून गेलेल्या लोकांचा हिशेब धरूनही त्या अभ्यासात अधिक मृत्यूंची संख्या २,९७५ निघाली. ऑगस्ट २०१८ मध्ये तेथील सरकारने आपला पहिला आकडा बाजूला सारून हा स्वीकारला. त्यामुळे त्या सरकारची अप्रतिष्ठा झाली असे म्हणता येणार नाही.

प्रश्न कोणाचा?

हा वाद केवळ प्रबंधांपुरता नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोविडने मृत झालेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपये देण्याच्या योजनेस मान्यता दिली. काही राज्यांत मंजूर झालेल्या दाव्यांची संख्या सरकारी मृत्युसंख्येहून अधिक निघाली. म्हणजे सरकारची एक वही दुसऱ्या वहीशी जुळत नव्हती. त्यातही जी विधवा दाव्यासाठी कचेरीपर्यंत पोहोचू शकली नाही, ती या दोन्ही वह्यांत नाही. मृत्यूची नोंद हा वारसाहक्काचा, निवृत्तिवेतनाचा, विम्याचा पहिला दस्तऐवज असतो, आणि गरिबाच्या घरात तोच बहुधा नसतो.

उपाय अवघड नाहीत. १९६९ च्या कायद्याप्रमाणे मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हावयास हवी. झालेल्या नोंदींचे जिल्हावार, महिनावार आकडे वर्षे न लोटता काही आठवड्यांत खुले व्हावयास हवेत. ज्यांवर अपेक्षित मृत्यू काढावयाचे तो लोकसंख्येचा पायाही ताजा हवा. २०२१ ची जनगणना त्या साली झाली नाही, याचा फटका या हिशेबालाही बसला आहे. आणि मृत्यूचे कारण लिहिण्याचे शिक्षण डॉक्टरांना, तर ते विचारण्याचे शिक्षण ग्रामसेवकांना द्यावयास हवे.

गावच्या नोंदवहीत वेळेवर लिहिलेली एक ओळ पुढे देशाच्या आकडेवारीत जाऊन मिळते, आणि पुढचे संकट वेळीच ओळखता येईल की नाही हे अशा लाखो ओळींवर अवलंबून असते. सरासरीची रेषा आधी नीट आखलेली असेल, तरच तिच्यावर चढलेला आकडा डोळ्यांत भरतो. ती रेषा शांततेच्या काळातच आखावी लागते. संकट दाराशी येऊन उभे राहिल्यावर ती आखता येत नाही.