चार ठिपक्यांचा हिशेब

एक सोपा प्रयोग करून पाहा. पांढऱ्या कागदावर टोकदार पेन्सिलीने १ मिलिमीटर अंतरावर दोन बारीक ठिपके काढा. कागद भिंतीला लावून हळूहळू मागे सरका. तीन-साडेतीन मीटरांच्या आसपास दोन्ही ठिपके एकच भासू लागतील. असे का होते? दोन बिंदूंनी डोळ्याशी केलेला कोन सुमारे अंशाच्या साठाव्या भागाहून लहान झाला, की निरोगी डोळ्यालाही ते वेगळे दिसत नाहीत.

हाच नियम मोबाइलच्या पडद्याला लावू. पडद्यावरील चित्र बारीक ठिपक्यांचेच बनलेले असते. त्यांना पिक्सेल म्हणतात. ३० सेंटिमीटरवरून पाहताना आपल्या डोळ्याची मर्यादा सुमारे ०.०९ मिलिमीटर येते. २००९ मधील आयफोन ३जीएसच्या पडद्यावर ३२० × ४८० ठिपके होते व त्यांच्यातील अंतर सुमारे ०.१६ मिलिमीटर होते. २०१० मधील आयफोन ४ मध्ये तेवढ्याच पडद्यावर ६४० × ९६० ठिपके बसविले गेले. अंतर ०.०८ मिलिमीटर झाले आणि ठिपके दिसेनासे झाले!

पण त्यामुळे संकेतस्थळे तयार करणाऱ्यांपुढे पेच उभा राहिला. ३२० ठिपके रुंदीचे जुने चित्र नव्या पडद्यावर ताणले जाई. त्याच्या एका ठिपक्याला चार ठिपक्यांची जागा भरावी लागे, म्हणून चित्र धूसर दिसे. मग सर्वांनाच ६४० ठिपके रुंदीचे चित्र पाठवावे काय? रुंदी दुप्पट, उंचीही दुप्पट; म्हणजे ठिपके चौपट! जुना फोन हे सारे ओझे उतरवून घेणार, पण दाखविणार मात्र चौथा हिस्साच. जुना फोन वापरणाऱ्याजवळ डेटाही बहुधा मोजकाच असतो. त्याला शाळेच्या संकेतस्थळावर परीक्षेचे वेळापत्रक हवे आहे आणि समारंभाचे भलेमोठे छायाचित्रच त्याचा डेटा संपवीत आहे, हे बरे नव्हे.

यावरचा उपाय सोपा आहे. एकाच चित्राच्या लहान-मोठ्या प्रती ठेवायच्या. संकेतस्थळाच्या पानात ‘एसआरसीसेट’ या नावाने त्यांची यादी रुंदीसह लिहिता येते. ब्राउझरला आपला पडदा ठाऊक असतो, म्हणून तो यादीतून योग्य अशी एकच प्रत मागवितो. फार जुन्या ब्राउझरला ही यादी समजत नाही. तो ‘एसआरसी’ या जागी लिहिलेले चित्र घेतो. म्हणून तेथे लहान प्रतच लिहावी.

काही फोनांत हे प्रमाण दुपटीऐवजी तिप्पट असते. तेव्हा ठिपके किती पट होतील? नऊपट! पण डोळ्याची मर्यादा तर आपण दुपटीतच गाठली होती. मग त्या जास्तीच्या ओझ्याचा लाभ किती?

घरातील फोनच्या पडद्याची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजा, तिला आडव्या ओळीतील पिक्सेलांच्या संख्येने भागा आणि उत्तर स्वतःच पडताळून पाहा.